गजामामा हात शेकतात

आमच्या सोसायटीत बाहेरून एखादी गाडी येऊन उभी राहिली, की मालक खाली उतरायच्या आत गजामामा तिथे पोचलेले असतात. मालक दार लावतो, किल्लीची टुणटुण होते, आणि मामा बॉनेटवर दोन्ही पंजे पसरून डोळे मिटतात. अंगात हातविणीचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी, खाली पायजमा आणि स्लिपर. ओठ किंचित हलत असतात. नव्या भाडेकरूंना वाटतं, म्हातारबुवा गाडीला आशीर्वाद देताहेत. सी विंगमधल्या एका गृहस्थांनी तर नवी गाडी आणल्यावर नारळ फोडून झाल्यावर मामांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मामांनी हात ठेवला, जरा वाट पाहिली आणि म्हणाले, "शोरूमपासून इथपर्यंतच आली ना? कच्ची आहे अजून. एकदा ठाण्याला फिरवून आणा, मग परत येतो."

मामांचे हात दुखतात. दुखतात म्हणजे सकाळी उघडतच नाहीत. रात्री मिटलेली मूठ पहाटे उघडायला घ्यावी, तर दूधवाला येऊन गेला तरी जेमतेम करंगळी बाहेर आलेली असते. डॉक्टरांनी सांगितलं, सांध्यांची झीज आहे, वयानुसार व्हायचीच. मामांना हे निदान अपमानास्पद वाटलं. "झीज कसली? मी काय जिन्याची पायरी आहे?" असं ते डॉक्टरांना शहरी मराठीत म्हणाले. घरी येऊन मला मालवणीत सांगितलं, "थंडी शिरली हा गो हाडात. शेकून भायर काढूक होयी." मामा मूळचे कुडाळकडचे. सगळं आयुष्य मुलुंडात गेलं, पण जीभ अजून दुहेरी आहे. परक्यांशी इथली, आपल्या माणसाशी तिकडची.

मुलुंडच्या थंडीला बाकीची मुंबई हसते. हसू दे. आमच्याकडे डोंगर जवळ आहे आणि पौषात पहाटे त्याच्यावरून धुकं खाली येतं, ते थेट आमच्या पार्किंगपर्यंत. त्या वेळी डोंगर नसतो, समोरचा टॉवर चौथ्या मजल्यापासून सुरू होतो, आणि खालून कुणाच्या तरी चपलांचा आवाज येतो पण माणूस दिसत नाही. मी बाल्कनीत चहा घेऊन उभी राहते. त्या दुधट पांढऱ्यात एक माकडटोपी या गाडीवरून त्या गाडीवर सरकताना दिसते. एका बॉनेटपाशी थांबते, पुढे जाते, दुसऱ्या बॉनेटपाशी जास्त वेळ थांबते. मला त्या वेळी नेहमी वाटतं की आपण अजून उठलेलोच नाही.

आता मामांचा धंदा सांगते, म्हणजे हातांचं महत्त्व कळेल. मामा कासार. बाजारात त्यांचा बांगड्यांचा एवढासा गाळा होता, वडिलांपासूनचा. मी फ्रॉकात होते तेव्हापासून आईचं बोट धरून तिथे जायची. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत पाऊल टाकलं की हिरवा, जांभळा, मोरपंखी अंधार. दांड्यांवर ओवलेल्या बांगड्या छतापर्यंत गेलेल्या. बाजारातून हातगाडी गेली तरी सगळं दुकान हलक्याने किणकिणायचं. मामा गादीवर बसलेले असत. आई हात पुढे करी. मामा तो हात दोन्ही तळव्यांत घेऊन आधी नुसता धरून ठेवत, जरा ऊब लागली की बोटांच्या टोकांकडून मनगटाकडे दाबत जात, अंगठ्याचं मूळ आत दुमडत, पंजाची मऊ पुरचुंडी करत. मग एकदम विचारत, "वहिनी, यंदा आंब्याचं लोणचं घातलंत त्यात मोहरी लाल की पिवळी?" आई आठवायला लागायची, आणि आठवून उत्तर देईपर्यंत अर्धा डझन बांगड्या मनगटात जाऊन बसलेल्या असायच्या. कधी कधी आई उत्तर द्यायच्या आत पेंगायची. घरात दुपारी कधी पाठ न टेकणारी माझी आई गजामामांच्या दुकानात चक्क डोळे मिटायची, याचं मला फार नवल वाटे.

"भांडुप ते ठाणे, अर्ध्या बायकांचा हात मी धरलाय," मामा अजूनही सांगतात, "आणि तोही नवऱ्यांच्या देखत."

बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हा सगळ्यांकडचाच रिवाज. पण मामांच्या तोंडून 'फुटणं' आणि 'तुटणं' हे शब्द मुळातूनच गेले आहेत. त्यांचा चष्मा वाढतो. सोसायटीची लिफ्ट आठवड्याला वाढते. बी विंगमधल्या त्या दोघांनी घटस्फोट घेतला तेव्हा मामा हळहळून म्हणाले होते, "वर्षभरात लग्न वाढला गो त्यांचा." आणि मामी गेल्यावर दोन-तीन वर्षांत जेव्हा उजव्या अंगठ्याने मान टाकली, काचेच्या बांगड्या हातातून निसटायला लागल्या, तेव्हा त्यांनी गाळा देऊन टाकला आणि आम्हा सगळ्यांना एवढंच सांगितलं की अंगठा वाढला. मूलबाळ नाही. तळमजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये मामा आणि त्यांचे दोन हात असे तिघं राहतात.

तर या थंडीत माझ्या मुलीचं, सईचं, लग्न ठरलं. पेढे घेऊन मी आधी मामांकडे गेले. मामांनी पेढ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या पंजांकडे पाहिलं.

"कधी हा?"

"माघात. दोन महिने आहेत."

"मगे होतला."

"काय होतला?"

"चुडो. तुझो मी भरलंय, तिचो दुसरो कोण भरतलो?"

लग्नाआधी नवरीच्या हातात हिरवा चुडा भरायचा तो कासाराने. माझ्या लग्नात मामांनीच भरला होता, आणि त्याच दिवशी माझ्या आईला म्हणाले होते, हिच्या मुलीचाही मीच भरणार. आईने हसून मान डोलावली होती. आता आई नाही, पण मामांच्या लेखी शब्द शाबूत होता.

घरी येऊन सांगितलं तर माझा नवरा, मिलिंद, म्हणाला, "अगं, त्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही. काचेच्या बांगड्या भरायच्या म्हणजे काय खाऊ आहे?" मिलिंदचं खोटं नव्हतं. पण सई लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "मामाच भरणार. नाहीतर मी घालणारच नाही, यार." ही मुलगी ऐरोलीला कंप्युटरच्या ऑफिसात जाते, मनगटावर घड्याळाशिवाय आयुष्यात काही घातलेलं नाही. पण लहानपणी ताप आला की ती माझ्याकडे नाही, मामांच्या ओट्यावर जाऊन बसायची.

मला मात्र धास्ती वाटत होती. मामांना जमलं नाही, तर भरल्या घरात म्हाताऱ्याचं मन मोडणार. आणि आपणच नको म्हटलं, तर आजच मोडणार.

त्या दिवसापासून मामा तयारीला लागले. शेकणं आधीही होतं, पण आता त्याला शिस्त आली. पहाटे उठून दोन बटाटे उकडायचे आणि गरम गरम स्वेटरच्या दोन खिशांत टाकायचे. हात खिशात. असे ते धुक्यात फेऱ्या मारत. कुणी नमस्कार केला तर हात बाहेर काढत नसत, नुसती मान लववत. बटाटे निवले की माझ्या दारात. "भाजी कर गो, फुकट जातले." त्या बटाट्यांची भाजी मी कधीच केली नाही, असं मी मिलिंदला सांगितलेलं आहे.

मग बॉनेटं. उबेच्या मामांनी जाती केल्या आहेत. बटाट्याची ऊब ओली. तव्यावर भाजलेल्या वाळूची कोरडी. ही वाळू गावच्या खाडीतली, जुन्या धोतराच्या फडक्यात तिची पुरचुंडी बांधून ठेवलेली असते, आणि ती तापली की मामांच्या घरातून मुलुंडला न शोभणारा समुद्राचा वास येतो. गाडीची ऊब मात्र चालती. "ती आतून येता," मामा म्हणतात, "माणसाच्या अंगासारखी. सावकाश कमी होता." कुणाची गाडी किती तापलेली आहे यावरून ती कुठून आली हे आपल्याला कळतं, अशीही त्यांची समजूत आहे. बहुतेक वेळा ती चुकते. एकदा पनवेलहून आलेल्या माणसाला त्यांनी नाशिकची हवा कशी आहे विचारलं. पण मिलिंदच्या बाबतीत चुकली नाही. मिलिंद रोज सकाळी गाडी घेऊन व्यायामाला जात असे, म्हणजे तसं मला सांगत असे. एक दिवस मामा सहज बोलून गेले, "जावईबापूंची गाडी दोन मिन्टां पण चालत नाय गो. इंजिन तापूक सुरू होता आणि बंद होता." कोपऱ्यावर गरम इडलीची गाडी लागते. तिचं अंतर बरोबर दोन मिनिटं. त्यानंतर मिलिंद काही दिवस मामांशी बोलत नव्हता, आणि गाडी लांब उभी करत होता.

मग सोसायटीत पहिली बॅटरीवरची गाडी आली. मामा नेहमीसारखे धुक्यातून गेले, पंजे ठेवले, आणि दचकून मागे सरले. परत ठेवले. कान लावला. मग वॉचमन तिवारीला हाक मारून म्हणाले, "तिवारी, ये जिंदा है क्या?" मालकाने समजावलं, काका, ही विजेवर चालते, हिला इंजिनच नाही. मामांनी त्या गाडीकडे ज्या दयेने पाहिलं तशी दया मी हॉस्पिटलमध्येही पाहिलेली नाही. पुढे सोसायटीच्या सभेत चार्जिंगच्या जागेचा विषय निघाला, तेव्हा विरोधात एकच हात वर होता, आणि तोही पुरता सरळ होत नव्हता.

संध्याकाळी तेल. खोबरेलात ओवा आणि कापूर घालून मंद आचेवर कढवलेलं. डाव्याने उजवा चोळायचा, मग उजव्याने डावा. टोकांकडून मनगटाकडे, प्रत्येक पेर वेगळं. मी कधी जाऊन बसले की मामांचं चाललेलं असायचं, दिवा लावलेला नसायचा, खिडकीतून रस्त्यावरचा पिवळा उजेड हातांवर पडलेला असायचा आणि तेलाने बोटं चमकत असायची. "एक गोष्ट सांगतंय," ते एकदा म्हणाले, "आपलो हात आपणाक नीट चोळूक येणा नाय. जो दाबता तोच दुखता. गुदगुल्या कशे आपणाक करूक येणत नाय, तसा." मी म्हटलं, मग द्या, मी चोळते. तर त्यांनी हात पाठीमागे नेले, अगदी लहान मुलासारखे. "तुका लग्नाची कामां आसत. जा."

शेवटी सईने त्यांना जबरदस्तीने फिजिओथेरपीला नेलं. तिथे मेण वितळवून ठेवतात. त्यात हात बुडवायचा, काढायचा, परत बुडवायचा, असे थर चढले की वर टॉवेल गुंडाळून बसायचं. मामांना हे मेण फार आवडलं. इतकं, की एक दिवस त्यांनी तिथल्या मुलीची विनवणी करून हातावरचं मेण मनगटापासून अलगद सोलून घेतलं आणि पिशवीतून घरी आणलं. आपल्याच हाताचा पांढरा, पोकळ साचा. तो त्यांनी खिडकीत एका बाटलीवर उभा केला आणि सरावासाठी त्याच्यावर हिरव्या बांगड्या चढवायला सुरुवात केली. पहाटे धुक्यात तळमजल्याच्या खिडकीत एक पांढराफटक हात, हिरव्या बांगड्या घालून. आमची कामवाली लक्ष्मी तो पाहून जी किंचाळली, त्यानंतर आठ दिवस तिने मागच्या जिन्याने ये-जा केली. दुपारी ऊन आलं की तो हात हळूहळू वाकायचा, बोटं खाली झुकायची, आणि मामा खिडकी लावून घेत म्हणायचे, "दमला बिचारा."

सराव मात्र उपयोगी पडला. पौष संपता संपता मामांनी एक दिवस माझ्यासमोर शर्टाचं वरचं बटण लावून दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या. मामा लाजले.

तरीही मी एक शहाणपणा केलाच. चुड्याच्या दिवशी नवरीबरोबर घरातल्या, सोयऱ्यांकडच्या सगळ्याच बायका हातभर बांगड्या भरून घेतात. पंधरा-वीस बायका, म्हणजे तीस-चाळीस हात. मामांना एवढं झेपणार नाही म्हणून मी बाजारातल्या रेश्माला सकाळी लवकर यायला सांगितलं. रेश्मा तरुण आहे, तिची नवी पद्धत आहे. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, वरून बांगड्या सर्रकन सरकवायच्या, पिशवी ओढून काढायची. दुखत नाही, वेळ लागत नाही. मामा यायच्या आत तिने आतल्या खोलीत सगळ्यांची मनगटं हिरवी करून टाकली, माझीसुद्धा. सईचा चुडा तेवढा मामांसाठी ठेवला. मला वाटलं, आपण किती सांभाळून घेतलं म्हाताऱ्याला.

मामा आले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, डोक्याला टोपी. हात टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलेले, आत कोंबडीची पिल्लं असावीत तसे. मागून तिवारी त्यांची पेटी घेऊन आला. दुकानातली मोठी पेटी, सगळ्या मापांची. एका मुलीच्या चुड्याला एवढी पेटी कशाला, असं माझ्या मनात आलं आणि गडबडीत निघून गेलं. मामांनी खोलीवरून नजर फिरवली. बायकांच्या मनगटांवर ती जरा थांबली.

बाल्कनीतून ऊन थेट पाटावर येत होतं. सई बसली. मामांनी टॉवेल सोडला, तिचा उजवा हात दोन्ही तळव्यांत घेतला आणि नुसता धरून ठेवला. बायकांची कुजबुज आपोआप कमी झाली. मग बोटं दाबत दाबत विचारलं, "सई, लहानपणी माझ्या ओट्यावर मांजर यायचा, त्याचा नाव काय ठेवलंलास?" सई आठवायला लागली. तीन गेल्या, सहा गेल्या, एकेक बांगडी उन्हातून जाताना छतावर हिरवा डाग हलायचा. उजवा हात पुरा झाला तेव्हा मला श्वास घ्यायची आठवण झाली.

डाव्या हाताला घात झाला. चार बांगड्या गेल्या आणि मामांचा अंगठा जागीच अडकला. त्यांनी जोर केला, चेहरा पांढरा पडला, आणि बांगडी त्यांच्याच बोटांत कचकन गेली. तर्जनीतून रक्ताचा थेंब आला. सईला काही लागलं नव्हतं. तरी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"वाढली, वाढली, काही नाही होत," मुलाकडच्या आत्या पुढे होऊन म्हणाल्या. बोरिवलीच्या आहेत, मनाने चांगल्या, बोलायला घाई. "राहू द्या आता मामा. ती मुलगी आहे ना आत, पिशवीने एका मिनिटात होईल."

मामांनी हात मांडीवर घेतले आणि मिटले. दोन महिने शेकून उघडलेले हात माझ्या डोळ्यांदेखत मिटले.

सईने पाट पुढे सरकवला. मामांच्या तेलाची वाटी पेटीशेजारीच होती. तिने त्यात बोटं बुडवली आणि मामांचा उजवा हात ओढून घेतला.

"सोड गो. नवरी तू, काय करतंस?"

"गप बसा हो मामा."

तिने आधी रक्त पुसलं. मग टोकांकडून मनगटाकडे, एकेक पेर, सावकाश. मामा ताठ बसले होते, एखाद्याला दाढीला बसवावं तसे. मग खांदे जरा उतरले. बांगड्या भरलेल्या तिच्या हाताची हलकी किणकिण चालू होती, दुसरा आवाज नव्हता. कापराचा वास खोलीभर पसरला. आत कुकरची शिट्टी झाली, कुणी उठलं नाही. आत्याबाई पदर सावरून खाली बसल्या. मामांची मान एकदा झुकली, सावरली, परत झुकली, आणि ते झोपले की काय असं वाटेपर्यंत सईने दुसरा हात घेतला होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन पाटावरून सरकून पेटीवर गेलं.

मग मामांनी डोळे उघडले, अंगठा हलवून पाहिला आणि राहिलेल्या बांगड्या एकेक करून भरल्या. शेवटची बसली तेव्हा सईने वाकून नमस्कार केला. मी शिधा आणि नारळ पुढे ठेवला. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या.

मामा हसले, कपाळावरचा घाम पुसला, मांडी सारखी केली आणि म्हणाले, "हां. आता कोण?"

"मामा, बाकीच्यांचं झालं," मी म्हटलं. "तुम्हाला त्रास नको म्हणून सकाळीच उरकून घेतलं."

"झाला?"

"हो."

"बरा केलंस," मामा म्हणाले. ते इतक्या लगेच म्हणाले, की मला ते खरं वाटलं असतं. पण मग ते पेटी आवरायला लागले. एकेक बांगडी दोन बोटांत धरून, मापाप्रमाणे परत खाचेत. सव्वादोनच्या, अडीचच्या, जाड हातांच्या मोठ्या. प्रत्येकीचं माप त्यांनी आठवून आणलं होतं. मी मदतीला खाली बसले तेव्हा माझ्याकडे न बघता, फक्त मला ऐकू जाईल असं बोलायला लागले.

"दुकान होता तेव्हा दिसभर कोणाचो ना कोणाचो हात हातात असायचो. घराक गेल्यावर मामीचो. दुखायचे तेव्हा पण दुखायचे गो हात, पण कळायचा नाय. मामी गेली. मगे दुकान गेला. आता कोणाक सांगू, जरा हात दी म्हणान? लोक काय म्हणतले? मी म्हटलंय, लग्नाघरात वीस बायका येतले." ते थांबले. "असांदे. सईचो झालो मां."

म्हणजे मी वाचवायला निघाले होते ते हात, आणि त्या हातांना हवं होतं तेच मी सकाळी रेश्माकडून उरकून घेतलं होतं. मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली. रेश्माने माप थोडं सैलच घातलं होतं. मी हात दुमडला, माझ्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, ताटलीत ठेवल्या आणि सई उठली होती त्या पाटावर जाऊन बसले.

"या भलत्याच सैल झाल्यात मला," मी म्हटलं. "तुम्ही भरा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, आणि कळल्याचं त्यांनी दाखवलं नाही. तळवे पुढे केले. मी हात दिला. तेलाने मऊ झालेले, वेडेवाकडे, गरम तळवे. त्यांनी तो नेहमीसारखा नुसता धरून ठेवला, मग बोटं दाबायला लागले. मधल्या बोटापाशी आले आणि थांबले. परत मागे जाऊन तेच पेर चाचपलं.

"ह्या कधीपासून?"

"काय?"

"सकाळी उघडणा नाय मां ह्या बोट?"

मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीपासून ते बोट सकाळी वळलेलंच राहत होतं. लाडू वळून झालं असेल, लग्नाच्या कामाने झालं असेल, असं मी स्वतःला सांगत होते. सगळी थंडी मी बाल्कनीतून मामांचे हात पाहिले होते आणि मला भीती वाटत होती.

"नाही उघडत, मामा," मी म्हटलं, आणि भरल्या घरात, मुलीच्या चुड्याच्या दिवशी, मला रडू आलं.

मामांनी पेटीचं झाकण लावून ती बाजूला सरकवली. तेलाची वाटी जवळ ओढली. "काकणां मगे," ते म्हणाले, आणि माझं बोट दोन्ही अंगठ्यांत धरून टोकाकडून मनगटाकडे दाबायला लागले. माझ्या मागे कुणीतरी येऊन बसल्याचं मला कळलं. आत्याबाई होत्या. त्या हातातल्या बांगड्या उतरवत होत्या, आणि त्यांना मुळीच घाई नव्हती.